ढाल वाढली की भालाही वाढतो : क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा आणि करारांच्या मर्यादा

मे २०२५मध्ये नागरी संरक्षणाच्या सरावासाठी देशभरातल्या ठिकाणांची यादी जाहीर झाली. महाराष्ट्रातल्या नावांत मुंबईच्या जोडीला उरण, तारापूर आणि ठाणेही होतं. आमच्या नेरूळच्या सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभर टॉर्च, मेणबत्त्या आणि बिस्किटांच्या पुड्यांची चर्चा रंगली. मध्येच अकरावीतल्या एका मुलीनं विचारलं, "काका, आपल्याकडे एस-४०० आहे ना? मग सायरन कशाला?" त्यावर दुसऱ्या विंगमधल्या एका आजोबांनी लिहिलं, "अमेरिका तर अख्ख्या देशावर घुमट बांधणार आहे म्हणे. आपणही बांधू. विषय संपला."

विषय तिथे संपत नाही, सुरू होतो.

आधी मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. एस-४०० ही यंत्रणा भारतानं रशियाकडून २०१८च्या करारानं घेतली, एकूण पाच तुकड्या. विमानं, ड्रोन, क्रूझ क्षेपणास्त्रं (विमानासारखी हवेतून उडत येणारी) आणि काही प्रमाणात बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं (उंच फेकली जाऊन वरून कोसळणारी) पाडणं हे तिचं काम. विमान चारशे किलोमीटरवरून टिपता येतं हे खरं, पण तो आकडा आकाशातल्या उंच, मोठ्या लक्ष्याचा. समोरून बॅलिस्टिक क्षेपणास्त्र येत असेल तर तीच यंत्रणा फार लहान टापू सांभाळते. म्हणून अशी यंत्रणा देशावर पसरत नाही, काही ठिकाणांभोवती बसते. कोणती ठिकाणं आधी, हे ठरवावं लागतं. आणि जी त्यात बसत नाहीत तिथे सायरन लागतो. जिथे बसतात तिथेही लागतोच, कारण पाडलेल्या वस्तूचे तुकडे खाली कुणाच्या तरी गच्चीवर पडणार असतात.

आता आजोबांचा घुमट. त्यासाठी क्षेपणास्त्र कसं प्रवास करतं ते थोडं बघावं लागेल.

लांब पल्ल्याच्या बॅलिस्टिक क्षेपणास्त्राचं इंजिन सुरुवातीची तीन ते पाच मिनिटं जळतं. त्यानंतर ते वातावरणाबाहेर जातं आणि सुमारे वीस मिनिटं अवकाशात फक्त मिळालेल्या वेगावर पुढे सरकत राहतं. शेवटचा टप्पा, म्हणजे वातावरणात परत शिरून जमिनीवर आदळणं, एखाद्या मिनिटाचा. पाडायचं असेल तर या तीनपैकी एका टप्प्यात पाडायचं. पहिल्या टप्प्यात ते मोठं, तापलेलं आणि तुलनेनं हळू असतं, पण शत्रूच्या देशावर असतं आणि हातात वेळ नसतो. शेवटच्या टप्प्यात ते सेकंदाला सात किलोमीटरच्या आसपास वेगानं येतं. राहता राहिला मधला टप्पा. तिथे वेळ मिळतो, पण तिथेच सगळ्यात मोठी गोची आहे. अवकाशात हवा नसते, त्यामुळे जड आणि हलकी वस्तू सारख्याच वेगानं जातात. वॉरहेडबरोबर, म्हणजे टोकावरच्या स्फोटकाबरोबर, क्षेपणास्त्रानं धातूच्या मुलाम्याचे पाच-दहा फुगे सोडले तर रडारला सगळे एका जातीचे दिसू शकतात. खरा कोणता ते वातावरणात शिरल्यावर कळेल, आणि तेव्हा फार उशीर झालेला असेल.

अमेरिकेनं याच मधल्या टप्प्यासाठी अलास्का आणि कॅलिफोर्नियात मिळून ४४ इंटरसेप्टर, म्हणजे येणारं क्षेपणास्त्र वाटेतच पाडणारी क्षेपणास्त्रं, बसवले आहेत. आधी ठरवून, परिस्थिती बेतून घेतलेल्या चाचण्यांतही त्यांचा नेम साधारण निम्म्या वेळाच लागला आहे. आपण उदार होऊ, नेम ८० टक्के वेळा लागतो असं धरू. एका वॉरहेडवर दोन इंटरसेप्टर सोडले तर ते पडण्याची शक्यता ९६ टक्के होते, चार सोडले तर जवळजवळ ९९.८. छान. पण प्रत्येकी चार सोडले की ४४ इंटरसेप्टर अकरा वॉरहेडमध्ये संपतात. रशियाकडे तैनात असलेली वॉरहेडं हजाराच्या हिशेबात आहेत. शिवाय हे गणित प्रत्येक नेम स्वतंत्र धरतं. फुग्यानं पहिल्या इंटरसेप्टरला फसवलं, तर पुढचे तीनही बहुधा त्याच फुग्यावर जातील.

मग या यंत्रणा निरुपयोगी आहेत का? मुळीच नाही. एप्रिल २०२४मध्ये इराणनं इस्रायलवर तीनशेहून जास्त ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सोडली आणि अमेरिका, ब्रिटन, जॉर्डन यांच्या मदतीनं त्यांतली जवळपास सगळी वाटेतच पडली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जवळपास दोनशे बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं आली, तेव्हा मात्र बरीच नेवातिम हवाई तळावर आदळली. तरी शहरं वाचली, माणसं वाचली. साध्या स्फोटकांचा मारा असेल तर दहातली नऊ पाडणं म्हणजे मोठंच यश. अण्वस्त्राच्या बाबतीत ते दहावं एक शहर घेऊन जातं. टीव्हीवरच्या चर्चांत या दोन गोष्टींची सरमिसळ होते, आणि बहुतेक गैरसमज तिथूनच येतात.

एवढं म्हटल्यावर कुणीही म्हणेल, अर्धीमुर्धी का होईना, ढाल असलेली बरी. नसण्यापेक्षा काय वाईट?

१९६७च्या जून महिन्यात अमेरिकेतल्या ग्लासबरो गावी सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांनी नेमका हाच मुद्दा लावून धरला होता. मॉस्कोभोवती रशियानं क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा उभारायला घेतली होती. अमेरिकेचे संरक्षणमंत्री मॅकनमारा त्यांना सांगत होते की हे थांबवा, नाहीतर आम्हाला आमची क्षेपणास्त्रं वाढवावी लागतील. कोसिगिन यांना ते पटेना. आपल्या लोकांचा बचाव करण्यात गैर ते काय?

मॅकनमारांचं म्हणणं समजून घ्यायला आपल्या नवी मुंबईतले होल्डिंग पॉन्ड बरे पडतील. हे शहर खाडीच्या काठी भराव घालून उभं राहिलं. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी नाल्यांतून उलटं आत येऊ नये म्हणून सिडकोनं तलाव खोदले आणि त्यांना फ्लॅप गेट, म्हणजे एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपा, बसवले. तलाव गाळानं भरले, झडपा गंजल्या, पावसाळ्यात सेक्टरचे सेक्टर तुंबले, सगळं खरं. पण एक गोष्ट खाडी कधीच करत नाही. आपण झडप बसवली म्हणून ती भरती दोन फूट वाढवत नाही. शत्रू वाढवतो. झडप आणि क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा यांत फरक आहे तो एवढाच, आणि सगळं शस्त्रनियंत्रण या एवढ्याशा फरकावर उभं आहे.

शत्रू असं का करतो? दोन अण्वस्त्रधारी देश एकमेकांवर हल्ला करत नाहीत ते एका धाकापोटी : तू मला मारलंस तरी मरता मरता मी तुला संपवीन. आता त्यांतल्या एकानं ढाल उभारली. ती पूर्ण हल्ला रोखू शकत नाही हे दोघांनाही माहीत आहे. पण ढालवाल्यानं आधी वार करून समोरच्याची बहुतेक क्षेपणास्त्रं जमिनीवरच नष्ट केली, तर उरलीसुरली चार-दोन रोखायला ती गळकी ढालही पुरेल. म्हणजे समोरच्याच्या नजरेतून ढाल ही बचावाची वस्तू नसून पहिल्या वाराची तयारी दिसते. ढालवाल्याच्या मनात तसं काही नसेलही. पण मनातलं रडारवर दिसत नाही.

आणि तसंच घडलं. मॉस्कोच्या ढालीचा धसका घेऊन अमेरिकेनं एकाच क्षेपणास्त्रावर अनेक वॉरहेड बसवायचं तंत्र पुढे रेटलं. १९७०मध्ये तीन-तीन वॉरहेडवाली मिनिटमन-३ क्षेपणास्त्रं तैनात झाली. ब्रिटनची गंमत तर आणखी वेगळी. त्यांच्या पाणबुड्यांवरची पोलॅरिस क्षेपणास्त्रं मॉस्कोपर्यंत पोहोचावीत म्हणून त्यांनी 'शेवलीन' नावाचा प्रकल्प राबवला. नकली वॉरहेडांना जागा करण्यासाठी क्षेपणास्त्रावरच्या तीन खऱ्या वॉरहेडांपैकी एक काढलं. सुमारे एक अब्ज पौंड खर्च झाले आणि लोकांना याची वार्ता लागली ती १९८०मध्ये. एका शहराभोवतीच्या अर्धवट ढालीनं तिसऱ्याच देशाच्या तिजोरीला एवढं मोठं भोक पाडलं.

शेवटी रशियालाही मॅकनमारांचं गणित पटलं. २६ मे १९७२ रोजी मॉस्कोत निक्सन आणि ब्रेझनेव यांनी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा घालणारा करार केला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला एबीएम करार म्हणतात. प्रत्येकाला फक्त दोन ठिकाणी ढाल, प्रत्येक ठिकाणी जास्तीत जास्त १०० इंटरसेप्टर. १९७४मध्ये दोनाचं एक ठिकाण झालं. रशियानं मॉस्को राखलं. अमेरिकेनं राजधानी न निवडता नॉर्थ डकोटातला क्षेपणास्त्रांचा तळ निवडला, १९७५मध्ये तिथली यंत्रणा पूर्ण कार्यान्वित झाली, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या प्रतिनिधिगृहानं ती बंद करण्याच्या बाजूनं मत दिलं. काही महिन्यांत ती बंदही पडली.

स्वतःच्या लोकांना उघडं ठेवण्याचं वचन देणारा हा करार. ऐकायला विचित्र, पण जवळपास तीस वर्षं टिकला. त्याच पायावर पुढे शस्त्रं कमी करणारे करार होऊ शकले, कारण समोरचा उद्या ढाल उभारणार नाही याची खात्री असेल तरच भाले मोडता येतात.

करारांच्या मर्यादा मात्र पहिल्या दिवसापासून होत्या.

करार मोजता येईल तेच मोजतो. १९७२मध्ये एबीएमबरोबर जो हल्ल्याच्या शस्त्रांचा तात्पुरता करार झाला, त्यानं क्षेपणास्त्रं सोडणाऱ्या यंत्रांची संख्या गोठवली, कारण ती उपग्रहातून दिसतात. एका क्षेपणास्त्राच्या टोपीखाली किती वॉरहेड आहेत ते दिसत नाही, म्हणून ते राहून गेलं. मग दोघांनी टोपीखाली गर्दी केली. करार पाळूनच. १९८६च्या सुमारास जगातली अण्वस्त्रं सत्तर हजारांच्या घरात पोहोचली होती.

फसवणूकही झाली. सायबेरियात क्रास्नोयार्स्कजवळ रशियानं करारात न बसणारं प्रचंड रडार बांधलं. अमेरिकेच्या उपग्रहांना ते १९८३मध्ये दिसलं. रशियानं सहा वर्षं 'हे अवकाश संशोधनासाठी आहे' असं सांगून १९८९मध्ये उल्लंघन कबूल केलं. माझ्या मते ही करारांच्या अपयशाची गोष्ट नाही, यशाचीच आहे. नियम होता म्हणून तर ते उल्लंघन ठरलं, आणि शेवटी रडार पाडावं लागलं.

खरी मर्यादा दाराची आहे. अशा प्रत्येक करारात बाहेर पडायचं दार असतं. एबीएममध्ये ते असं होतं : सहा महिन्यांची नोटीस द्या आणि निघा. जॉर्ज बुश यांनी १३ डिसेंबर २००१ रोजी ती दिली. कारण सांगितलं उत्तर कोरिया आणि इराणसारख्या देशांचं, रशियाचं नव्हे. १३ जून २००२ला करार संपला. दुसऱ्याच दिवशी रशियानं 'स्टार्ट-२' करार आपल्यापुरता संपल्याचं जाहीर केलं. त्या करारानं जमिनीवरच्या क्षेपणास्त्रांवर एकाहून जास्त वॉरहेड बसवायला बंदी येणार होती. १ मार्च २०१८ रोजी पुतिन यांनी आपली नवी शस्त्रं जगाला दाखवली : वातावरणात दिशा बदलत जाणारं अवानगार्ड, अणुइंजिनावर चालणारं क्रूझ क्षेपणास्त्र, समुद्राखालून जाणारा अणुटॉर्पेडो. त्याच भाषणात त्यांनी २००२च्या माघारीकडे बोट दाखवलं. पुतिन यांच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा तो ठेवा. पण या तिन्ही शस्त्रांत एक साम्य आहे, ती सगळी ढालीला वळसा घालून जाण्यासाठी बनवली आहेत.

ढाल आणि भाला वेगळे ओळखता न येणं ही आणखी एक अडचण. अमेरिका आणि रशिया यांच्यातल्या १९८७च्या आयएनएफ करारानं मध्यम पल्ल्याची २,६९२ क्षेपणास्त्रं नष्ट केली. तपासनीस एकमेकांच्या कारखान्यांच्या दारात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून होते. पुढे अमेरिकेनं रुमानियात देवेसेलु इथे क्षेपणास्त्रविरोधी तळ उभारला. रशिया म्हणे, ज्या नळ्यांतून तुम्ही इंटरसेप्टर सोडता त्यांतून टोमाहॉक क्रूझ क्षेपणास्त्रही सुटू शकतं, म्हणजे तुम्ही करार मोडताय. अमेरिका म्हणे, तसं काही नाही, उलट तुम्हीच बंदी असलेलं क्रूझ क्षेपणास्त्र तैनात केलंय. रशियावरचा आरोप बिनबुडाचा नव्हता. पण २ ऑगस्ट २०१९ला अमेरिका करारातून बाहेर पडली आणि अवघ्या सोळा दिवसांनी तिनं त्याच जातीच्या नळीतून, जमिनीवरून, टोमाहॉक उडवून दाखवलं.

उरला 'न्यू स्टार्ट', अमेरिका आणि रशिया यांच्या लांब पल्ल्याच्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणारा करार. २०१०मध्ये प्रागला सह्या, प्रत्येकी १,५५० तैनात वॉरहेडांची मर्यादा, वर्षाला अठरापर्यंत प्रत्यक्ष तपासण्या. आकड्यापेक्षा मला या तपासण्या मोलाच्या वाटतात. तीनशेहून जास्त वेळा एका देशाचे अधिकारी दुसऱ्याच्या तळावर जाऊन टोपी उघडून मोजून आले. पुतिन यांनी फेब्रुवारी २०२३मध्ये सहभाग थांबवला, आणि कराराची मुदतही ५ फेब्रुवारी २०२६पर्यंतचीच होती. एकदा वाढवून झाली होती, दुसऱ्यांदा वाढवायची सोयच त्यात नव्हती.

अशा वेळी ट्रम्प यांनी जानेवारी २०२५मध्ये देशव्यापी ढालीचा आदेश काढला. मे महिन्यात तिचं 'गोल्डन डोम' म्हणून बारसं झालं आणि १७५ अब्ज डॉलरचा आकडा सांगितला गेला. तिच्यातला महत्त्वाचा भाग म्हणजे अवकाशात फिरते इंटरसेप्टर. १९६७चा अवकाश करार याला अडवत नाही का, असा प्रश्न मला हमखास विचारला जातो. नाही. त्या करारानं कक्षेत अण्वस्त्रं आणि तत्सम महासंहारक शस्त्रं ठेवायला बंदी केली. साधे इंटरसेप्टर त्यात येत नाहीत. ते अडवणारा करार एबीएम होता, तो २००२मध्ये गेला.

आता हे सगळं आपल्या दारात कसं येतं ते बघू. अमेरिकेची ढाल वाढली की सगळ्यात आधी बिथरतो तो चीन, कारण त्याची अण्वस्त्रं मुळात कमी होती. २०२१मध्ये व्यावसायिक उपग्रहांच्या चित्रांत चीनच्या वाळवंटात क्षेपणास्त्रांसाठी खोदलेली शेकडो नवी विवरं दिसली. एवढ्या वाढीला ढाल हेच एकमेव कारण असं मी म्हणणार नाही, पण ते एक कारण नक्की आहे. चीन वाढला की दिल्लीला हातावर हात ठेवून बसता येत नाही. डीआरडीओनं २००६मध्ये वातावरणाबाहेर आणि २००७मध्ये वातावरणाच्या आत क्षेपणास्त्र पाडून दाखवलं. मार्च २०२४मध्ये अग्नी-५वर अनेक वॉरहेड बसवून चाचणी झाली. १५ ऑगस्ट २०२५ला लाल किल्ल्यावरून २०३५पर्यंतचं 'सुदर्शन चक्र' जाहीर झालं. आणि पाकिस्ताननं? जानेवारी २०१७मध्ये अनेक वॉरहेडवाल्या 'अबाबील'ची चाचणी घेतली आणि कारण उघड सांगितलं : या भागात क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा वाढत आहेत, त्यांतून आमची क्षेपणास्त्रं पार व्हावीत. मॉस्को आणि मिनिटमनची गोष्ट अर्ध्या शतकानं, कराची ते मुंबई अशा नऊशे किलोमीटरांच्या अंतरात. एवढं अंतर कापायला क्षेपणास्त्राला दहा मिनिटांच्या आसपास लागतात. ठाण्याहून वाशीला लोकल त्याच्या कितीतरी जास्त वेळ घेते.

भारताची अडचण खरी आहे. 'आधी अण्वस्त्र वापरणार नाही' असं म्हणणाऱ्या देशाला पहिला वार सोसून उभं राहावं लागतं, त्यामुळे नेतृत्वाला आणि प्रत्युत्तराच्या यंत्रणेला वाचवणारी मर्यादित ढाल आपल्या धोरणात बसते. पण राजधानी राखणारी ढाल आणि देशभर पसरलेली ढाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली समोरच्याला समजावून सांगता येते, दुसरी नाही. सुदर्शन चक्र यांतलं नेमकं कोणतं, हे आपण नागरिकांनी विचारायला हवं.

दिल्ली, इस्लामाबाद आणि बीजिंग यांच्यात एबीएमसारखा करार होण्याची शक्यता मला दिसत नाही. तीन खेळाडू असले की समसमान आकडा काढता येत नाही. चीनची बरोबरी करणारा भारत पाकिस्तानला दुप्पट दिसतो, आणि चीनची नजर भारताकडे नसून अमेरिकेकडे असते. त्यात एप्रिल २०२५मध्ये सिंधू जलकराराला भारतानं स्थगिती दिली आणि सिमला करार स्थगित ठेवण्याचा हक्क आपल्याला आहे असं पाकिस्ताननं जाहीर केलं. करारांचे दिवस नाहीत हे.

तरी एक छोटा कागद टिकून आहे. वाशीच्या खाडीपुलावरून मुंबईकडे जाताना डाव्या हाताला ट्रॉम्बेच्या टेकड्या दिसतात. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. अणुभट्ट्या, इंधनाचे कारखाने अशा ठिकाणांवर एकमेकांनी हल्ला करायचा नाही, असा करार भारत आणि पाकिस्तान यांनी ३१ डिसेंबर १९८८ रोजी केला. १९९२पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश अशा ठिकाणांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिल झालं, २६/११ झालं, बालाकोट झालं. यादी थांबली नाही. २००५मध्ये दुसरा एक करार झाला : बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची चाचणी घ्यायची तर किमान तीन दिवस आधी कळवायचं. दोन्ही करार कुणाचंही एक शस्त्र कमी करत नाहीत. फक्त रडारवर दिसणाऱ्या ठिपक्याचा चुकीचा अर्थ लागण्याची शक्यता कमी करतात. दहा मिनिटांच्या अंतरावर राहणाऱ्या शेजाऱ्यांना ती गोष्ट शंभर इंटरसेप्टरांइतकी उपयोगाची आहे, असं माझं मत.

त्या दुसऱ्या करारात क्रूझ क्षेपणास्त्रं नाहीत. ९ मार्च २०२२ला भारताकडून चुकून सुटलेलं ब्रह्मोस क्रूझ क्षेपणास्त्र पाकिस्तानात मियां चन्नूजवळ पडलं. वॉरहेड नव्हतं म्हणून निभावलं. भारतानं अधिकृतपणे चूक मान्य केली ती ११ मार्चला. क्रूझ क्षेपणास्त्रांच्या चाचण्या आणि असे अपघात तत्काळ कळवण्याचं कलम त्या करारात घालायला चीनची संमती लागत नाही, आकड्यांची बरोबरी लागत नाही, तपासनीसही लागत नाहीत. दोन्हीकडचे लष्करी कारवायांचे महासंचालक एरवीही हॉटलाइनवर बोलतातच. १० मे २०२५ची शस्त्रसंधी त्याच फोनवर ठरली होती.